मीटर किती वेळाने डोळा मिचकावतं?

मागे एकदा रात्री घरातल्या सगळ्यांना गप्प बसवून मी टॉर्च घेऊन मीटरसमोर उभा होतो. फ्रिज, पंखे, राउटर सगळं बंद, चालू फक्त एक साधा ६० वॉटचा पिवळा बल्ब. डिजिटल मीटरवर एक बारीक लाल लाईट लुकलुकत असतो बघा, आणि तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं तो आकडा शेजारीच छापलेला असतो, माझ्या मीटरवर ३२०० आहे. पिवळ्या बल्बला तो साधारण दर १९ सेकंदांनी लुकलुकत होता. मग तो बल्ब काढला (फडकं धरून, चटका बसतो), ९ वॉटचा एलईडी लावला आणि परत उभा राहिलो. एकदा लुकलुकला, म्हटलं आता पुढचा बघू. मिनिट झालं, दीड झालं, आतून "झालं का एकदाचं" असा ओरडा सुरू, मला तर वाटलं मीटरच बंद पडलं. दोन मिनिटं उलटून गेल्यावर पुढचा लुकलुकला. खोलीतला उजेड मात्र जवळपास तेवढाच.

वर्षाचा हिशोब सोपा आहे. १००० वॉट एक तास चालले की एक युनिट. ६० वॉटचा बल्ब रोज ५ तास म्हणजे वर्षाला जवळपास ११० युनिट, आणि ९ वॉटचा एलईडी तेवढेच तास चालून १६ च्या आसपास. एका होल्डरमागे ९० च्या वर युनिट वाचले, त्याला आपल्या लाईटबिलावरच्या दराने गुणायचं की झालं.

पण मग त्या पिवळ्या बल्बमध्ये एवढी वीज जाते कुठे? तो चटका बसतो ना, तिथेच. आतली टंगस्टनची तार तापून जवळपास २५०० अंश सेल्सिअसला जाते तेव्हा कुठे उजेड पडतो, आणि तेवढ्या तापमानालाही तिच्यातून बाहेर पडणारी बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांची असते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, नुसती उष्णता. दिसणारा उजेड शंभरातला पाचेक टक्के. खरं तर ती शेगडीच, जाता जाता थोडा उजेड देते एवढंच. तार अजून तापवली तर उजेड वाढेल, पण टंगस्टन उडायला लागतं, म्हणून तर जुन्या बल्बची काच आतून काळपट होते आणि एक दिवस नेमकं बटण दाबताच बल्ब जातो, कारण थंड तारेचा रोध खूप कमी असतो, सुरुवातीलाच करंटचा जोरदार झटका बसतो आणि जिथे ती झिजलेली तिथेच तुटते.

एलईडीत काही तापवून उजेड काढायचाच नसतो. अर्धवाहकाच्या (सेमीकंडक्टरच्या) दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेवरून खाली येतो आणि मधला फरक थेट प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. लाल एलईडी १९६२ पासून होते, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा लागतो आणि त्या निळ्याने सगळ्यांना रडवलं. त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचे चांगले स्फटिकच बनत नव्हते, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी ते जमवलं आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आता निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडातला काही भाग पिवळा करणारा लेप) फासतात, निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. बंद पडलेल्या एलईडीचं वरचं टोपण काढून बघा, आत पिवळे चौकोनी ठिपके दिसतील तेच ते.

मी काढलं होतं. एका ठिपक्यावर मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग, बाकी सगळे धडधाकट. पण बऱ्याच बल्बांत ते एका माळेत जोडलेले असतात, एक गेला की सगळे गेले. खोक्यावर १५ हजार, २५ हजार तास लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण एलईडीला स्वतःची उष्णता सोसत नाही, बंद काचेच्या डोममध्ये कोंबला की आतली सर्किट लवकर मरते आणि मग लोक म्हणतात एलईडी टिकतच नाही.

घेताना वॉट बघू नका, लुमेन बघा. वॉट म्हणजे खातो किती, लुमेन म्हणजे देतो किती. जुन्या ६० वॉटच्या जागी ७०० ते ८०० लुमेन पुरतात. खोक्यावर २७०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असेल तर उजेड पिवळसर, ६५०० के असेल तर पांढराफटक. झोपायच्या खोलीत तो पांढराफटक मला तरी सहन होत नाही.

आणि एका दिवसात सगळं घर बदलायची गरज नाही. आधी दाराबाहेरचा, रात्रभर जळणारा दिवा बदला, ६० वॉट रोज १२ तास म्हणजे वर्षाला २६० च्या वर युनिट तो एकटाच खातो. सीएफएल (वळलेल्या नळीचा पांढरा दिवा) चालू असेल तर जाऊ दे तो जाईपर्यंत, तोही बराच कमी खातो, फक्त फुटला तर आत थोडा पारा असतो म्हणून खिडक्या उघडा आणि हाताने काचा गोळा करू नका.

आमच्या माळ्यावर अजून पिवळा बल्बच आहे. वर्षातून चार वेळा, अर्धा अर्धा तास लागतो. पाव युनिटसुद्धा होत नाही.