प्रतिभा आणि व्युत्पत्ती

संस्कृत साहित्यशास्त्रातील काव्यहेतूंच्या, म्हणजे काव्य कशामुळे निर्माण होते याच्या, चर्चेतील दोन मूलभूत संकल्पना. नवे सुचण्याची उपजत शक्ती ती प्रतिभा. लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वसूरींचे काव्य यांच्या परिशीलनाने अंगी येणारी जाण ती व्युत्पत्ती. जाणकाराच्या हाताखाली केलेला सराव, म्हणजे अभ्यास, हा तिसरा हेतू.

वाद जुना आहे. गुरूने शिकवले तर मंदबुद्धीच्या माणसालाही शास्त्र येईल, काव्य मात्र एखाद्या प्रतिभावंतालाच क्वचित साधते, असे भामह या प्राचीन साहित्यशास्त्रकाराने ठामपणे म्हटले. दंडी तेवढा कठोर नाही. नैसर्गिक प्रतिभा त्यालाही हवीच. पण ती नसली तरी श्रवण आणि यत्न यांनी वाणीची उपासना करणाऱ्यावर वाणी काही ना काही अनुग्रह करतेच, असा दिलासा तो देतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने निराळी कसोटी लावली: व्युत्पत्तीच्या उणिवेतून आलेला दोष कवीची शक्ती, म्हणजे प्रतिभा, झाकून टाकते, शक्तीच्या अभावातून आलेला दोष मात्र लगेच उघडा पडतो. यासाठी त्याने थेट कालिदासाचे उदाहरण घेतले. ‘कुमारसंभवा’तील शिवपार्वतींचे शृंगारवर्णन औचित्याला सोडून आहे, तरी वाचकाला ते खटकत नाही.

कनोजच्या प्रतीहार दरबारातला राजशेखर हा महाराष्ट्राशी नाते सांगणारा. आपला पणजोबा अकालजलद याला तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. ‘काव्यमीमांसे’त त्याने प्रतिभेचे दोन प्रकार केले: कवीची कारयित्री आणि रसिकाची भावयित्री. वाचणाऱ्यालाही प्रतिभा लागते, हे त्याने मान्य केले, आणि या चर्चेतले हे मोठेच पाऊल होय. प्रतिभावंताला न पाहिलेलेही दिसते, यासाठी तो मेधाविरुद्र आणि कुमारदास या कवींचा दाखला देतो; ते जन्मांध होते अशी आख्यायिका होती. तरीही प्रतिभा आणि व्युत्पत्ती एकत्र असणेच श्रेयस्कर, हा त्याचा निर्वाळा.

अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने ‘कविकंठाभरणा’त प्रश्न शिक्षकाच्या बाजूने पाहिला. अल्प प्रयत्नाने शिकणारा, कष्टाने शिकणारा आणि शिकवूनही न येणारा, असे शिष्यांचे तीन वर्ग तो करतो. तिसऱ्या वर्गात स्वभावतः दगडासारखा असणारा येतो, हे अपेक्षितच. पण व्याकरणाने नासलेला आणि तर्काने होरपळलेलाही त्याच वर्गात बसतो. शिक्षण प्रतिभेला मारकही ठरू शकते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा शास्त्रकार विरळा. आणि तोच क्षेमेंद्र होतकरू कवीसाठी शंभर शिकवणींची यादीही देतो!

‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने शक्ती (प्रतिभा), निपुणता (व्युत्पत्ती) आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या व ‘हेतु’ हा शब्द मुद्दाम एकवचनी वापरला. म्हणजे ही तीन वेगवेगळी कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एकच. हेमचंद्राच्या मते कारण प्रतिभाच, बाकीची दोन तिच्यावर संस्कार करणारी. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडितानेही केवळ प्रतिभेलाच कारण मानले. मात्र ती काहींना अदृष्टामुळे, म्हणजे देवकृपेसारख्या न दिसणाऱ्या कारणाने, लाभते, तर काहींच्या ठिकाणी असामान्य व्युत्पत्ती व अभ्यास यांतूनच उपजते, असे म्हणून त्याने जन्मजातपणाचा आग्रह सोडला.

या चर्चेतले शिक्षण शाळेपुरते नाही, ही गोष्ट आज सहज नजरेआड होते. मम्मटाच्या यादीत शास्त्र आणि काव्य यांच्या आधी ‘लोक’ येतो. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या-कविता इतरांनी टिपून ठेवल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, संग्रहरूपाने आल्या. त्यांना ‘अशिक्षित प्रतिभावंत’ म्हणणे अपुरे आहे. पेरणी, मळणी, जाते, माहेर-सासरचे व्यवहार आणि खानदेशातली बोली यांचे त्यांचे ज्ञान इतके नेमके होते, की मम्मटाच्या व्याख्येने त्या व्युत्पन्नच ठरतात.