फ्री ड्रॉप हवाय? आधी रेफ्री काय बघतो ते समजून घ्या

गोल्फ क्लबच्या स्पर्धेत रेफ्रीला सर्वांत जास्त वेळा येणारा निरोप म्हणजे "कार्ट पाथवर बॉल आहे, जरा या." कार्ट पाथ म्हणजे गोल्फच्या गाड्यांसाठीचा पक्का रस्ता. मी पोचेपर्यंत मागे दोन ग्रुप खोळंबलेले असतात आणि खेळाडूनं ड्रॉपची, म्हणजे बॉल उचलून पुन्हा सोडण्याची, जागा मनात पक्की केलेली असते. ती जागा म्हणजे जिथून ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) स्वच्छ दिसतं ती. सवलत मात्र ग्रीन दिसावं म्हणून नसते, अडथळ्यातून बाहेर पडता यावं म्हणून असते. रेफ्रीशी होणारे निम्मे वाद हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

खरं तर मला बोलवायचीही गरज नसते. फ्री रिलीफसाठी, म्हणजे दंडाशिवाय बॉल हलवण्याच्या सवलतीसाठी, अर्ज नाही, परवानगी नाही, मार्करची (स्कोअर लिहिणाऱ्याची) सहीसुद्धा नाही. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमावलीतला नियम 16.1 खेळाडूनं स्वतः वाचायचा आणि स्वतःच लावायचा. रेफ्री शंका असेल तरच बोलवायचा. एकदा त्यानं निर्णय दिला की तो पाळावाच लागतो. खेळाडूला त्यावर अपील नाही. रेफ्रीला स्वतःलाच खात्री नसेल, तर तो दुसऱ्या रेफ्रीला विचारू शकतो किंवा प्रकरण स्पर्धेच्या कमिटीकडे पाठवू शकतो.

पात्रता: पहिला प्रश्न बॉलचा, दुसरा वस्तूचा

रेफ्री आधी बॉल कुठे आहे ते बघतो. पेनल्टी एरियात, म्हणजे लाल किंवा पिवळ्या खुंट्यांच्या आत असेल, तर न हलणाऱ्या अडथळ्यापासून फुकट सुटका नाही. आत पूल असो की पंपाची खोली, उत्तर तेच. बॉल बाहेर असेल तरच पुढची चौकशी.

मग प्रश्न येतो वस्तूचा. अडथळा म्हणजे माणसानं बनवलेली वस्तू: डांबरी किंवा सिमेंटचा पाथ, स्प्रिंकलरचं तोंड, गटाराची जाळी, बाकडं, पाटी, रेक, कचऱ्याचा डबा, कोणी उभी केलेली गोल्फ कार्ट. झाड, दगड, गवत यांत येत नाहीत. सुटे दगड आणि वाळलेली पानं बाजूला करता येतात, पण त्यांचा नियम वेगळा आहे. 1999च्या फिनिक्स ओपनमध्ये टायगर वुड्सच्या बॉलपुढे एक अजस्र धोंडा होता. तो जमिनीत रुतलेला नसल्यामुळे 'सुटी वस्तू' ठरला आणि प्रेक्षकांनी हातभार लावून ढकलून दिला. त्याला ड्रॉप मिळाला नाही, मोकळी वाट मिळाली.

दोन गोष्टी माणसानं बनवलेल्या असूनही अडथळ्यांत धरत नाहीत. पहिली म्हणजे हद्दीच्या वस्तू: पांढऱ्या खुंट्या, कोर्सची हद्द ठरवणारी भिंत किंवा तारेचं कुंपण. पांढरी खुंटी स्विंगच्या आड आली तर ती उपटायची नाही आणि ड्रॉपही मागायचा नाही. लाल-पिवळी खुंटी मात्र खुशाल काढा, ती हलणारा अडथळा आहे. खुंटी तीच, रंग बदलला की कायदा बदलला! दुसरी म्हणजे कमिटीनं 'कोर्सचाच भाग' म्हणून जाहीर केलेली वस्तू. सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर 17व्या होलच्या ग्रीनमागचा रस्ता असाच आहे. तिथं जगातला कितीही मोठा खेळाडू असो, डांबरावरूनच मारतो.

हलणारा अडथळा असेल तर काम सोपं. फार जोर न लावता आणि काही न मोडता निघत असेल तर काढा. काढताना बॉल हलला तरी दंड नाही, परत जागेवर ठेवा. सुटं पान काढताना बॉल हलला तर मात्र एक स्ट्रोकचा (फटक्याचा) दंड (ग्रीनवर आणि टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवर, तो नाही). रेक आणि पान यांतला हा फरक फार जणांना माहीत नसतो.

अडचण खरी आहे का?

न हलणारा अडथळा तीनच प्रकारे 'आड' येतो: बॉल त्याला टेकलाय किंवा त्यावर आहे, उभं राहण्याची जागा अडतेय, किंवा स्विंग अडतोय. शॉटच्या रेषेत आहे एवढ्यावर रिलीफ फक्त बॉल ग्रीनवर असतानाच. फेअरवेवरून (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावरून) मारताना समोर पावसापासून आडोशासाठी बांधलेली शेड येत असेल तर ती तुमची अडचण, नियमाची नाही.

इथं रेफ्रीचे डोळे बारीक होतात. मध्यंतरी एका स्पर्धेत बॉल करवंदीच्या जाळीत पार आत गेला होता आणि खेळाडूचा एक पाय पाथवर येत होता. "पाय पाथवर आहे, रिलीफ द्या." मी म्हटलं, "आधी पाथ नाहीये असं समजा आणि हा शॉट कसा मारणार ते दाखवा." त्यांनी क्लब (गोल्फची काठी) आत घालायचा प्रयत्न केला, काटे टोचले आणि ते हसायला लागले. दुसऱ्याच कारणामुळे बॉल उघडपणे खेळण्यासारखा नसेल, तर पाथचं निमित्त चालत नाही. अडचण निर्माण व्हावी म्हणून वाकडातिकडा स्टान्स घेऊन उभं राहणं किंवा भलतीच दिशा धरणं, तेही चालत नाही.

1994च्या व्होल्वो मास्टर्समध्ये वाल्देरामाच्या 18व्या होलवर सेव्ह बायेस्तेरोसचा बॉल झाडाच्या बुंध्याशी होता. हे प्राण्यानं उकरलेलं बीळ आहे, असं त्याचं म्हणणं. रेफ्री जॉन पॅरामोर यांनी वाकून बघितलं. त्यांना प्राण्याचा पुरावा दिसला नाही आणि स्पेनमध्ये, स्पेनच्या सर्वांत लाडक्या खेळाडूला त्यांनी नाही म्हणून सांगितलं. बिळं, दुरुस्तीखालची जमीन आणि साचलेलं पाणी यांनाही हाच नियम 16.1 लागतो. जुलैत आपल्याकडच्या कोर्सवर रिलीफचं सगळ्यात मोठं कारण पाणीच असतं: साधं उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी दिसलं पाहिजे. बूट जमिनीत दाबून काढलेलं पाणी मोजत नाहीत. दव तर नाहीच.

जागा कशी काढायची

आता खरं काम. पूर्ण सुटकेचा सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा. तो होलच्या जवळ जाणारा नसावा आणि तिथं बॉल, पाय, स्विंग यांतलं काहीच अडता कामा नये. एक टाच पाथवर राहिली तरी सुटका अपुरी.

समजा पाथ आठ फूट रुंद आहे आणि होलच्या दिशेनं जातोय. बॉल डाव्या कडेपासून पाच फुटांवर, उजव्या कडेपासून तीन फुटांवर आहे. खेळाडू उजव्या हातानं खेळणारा. सगळे म्हणतात उजवीकडे ड्रॉप, कारण ती कड जवळ. पण हा खेळाडू बॉलच्या डावीकडे उभा राहतो. उजवीकडे जायचं तर त्याच्या टाचा पाथच्या पलीकडे गेल्या पाहिजेत, म्हणजे बॉल कडेपासून आणखी तीनेक फूट पुढे. एकूण सहा फूट. डावीकडे मात्र बॉल कड ओलांडून काही इंच गेला की झालं, कारण पाय आपोआप आणखी डावीकडे, गवतात पडतात. एकूण सव्वापाच फूट. म्हणजे जवळची जागा डावीकडे आणि डावीकडेच सगळा रफ, म्हणजे वाढलेलं गवत! डावखुऱ्या खेळाडूचा हिशेब उलटा.

हा बिंदू काढताना जो शॉट मारला असता, त्याचाच क्लब हातात धरायचा. बिंदूवर टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) टोचा. तिथून एका क्लबची लांबी मोजायची ती मात्र पिशवीतल्या पटर (ग्रीनवर वापरायचा क्लब) सोडून सर्वांत लांब क्लबनं, बहुतेकांच्या बाबतीत ड्रायव्हरनं. तेवढ्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल सोडायचा. 2019 आधी हात खांद्याच्या उंचीवर असायचा. त्या वर्षी मेक्सिकोतल्या स्पर्धेत रिकी फाउलरनं सवयीनं खांद्यावरून सोडला आणि तसाच खेळला. एक स्ट्रोक गेला. बॉल ठरलेल्या जागेबाहेर घरंगळला तर पुन्हा ड्रॉप. दुसऱ्यांदाही गेला तर दुसऱ्या वेळी जिथं जमिनीला टेकला तिथं ठेवायचा.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, असाल तर हा सगळा हिशेब बंकरच्या आतच. बाहेर यायचं तर एक स्ट्रोक मोजून, होल आणि बॉल यांच्या रेषेत मागे. ग्रीनवर ड्रॉप नाही, बॉल त्या बिंदूवर ठेवायचा.

एक कळकळीची विनंती: बॉल उचलण्यापूर्वी रिलीफची जागा डोळ्यांनी बघा. उचलला, मग तिथली झुडपं दिसली आणि "नको, पाथवरूनच मारतो" म्हणून परत ठेवला, तर एक स्ट्रोकचा दंड बसतो.

कागद कोणते लागतात

स्कोअरकार्ड आणि त्याच्या मागे छापलेले स्थानिक नियम. स्पर्धेच्या दिवशी स्टार्टरजवळ (खेळाडूंना पहिल्या टीवरून सोडणाऱ्याजवळ) किंवा नोटीस बोर्डवर वेगळा कागद असतो, तोही वाचा. ग्रीनलगतच्या स्प्रिंकलरपासून शॉटच्या रेषेसाठी रिलीफ, आधार देऊन लावलेल्या लहान झाडांपासून रिलीफ, हे सगळं तो कागद म्हणेल तरच मिळतं. प्रेक्षकांचे स्टँड आणि टीव्हीचे मनोरे यांच्यासाठीही असाच खास नियम असतो आणि त्यात बॉल ते होल ही सरळ रेष अडली तरी सवलत मिळते. 2017च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल बर्कडेलच्या 13व्या होलवर जॉर्डन स्पीथनं बॉल खेळण्याजोगा नाही म्हणून दंड घेतला, रेषेत मागे जात थेट सरावाच्या मैदानापर्यंत गेला आणि तिथं आड येणाऱ्या उपकरणांच्या ट्रकांपासून फुकट रिलीफ मिळवला. वीसेक मिनिटं गेली, बोगी (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) झाली आणि स्पर्धाही त्यानंच जिंकली. नियम पाठ असण्याचा असा उपयोग होतो.

रेफ्री जवळ नसेल आणि स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) शंका आली, तर दोन बॉल खेळून होल पूर्ण करता येतो. पुढचा शॉट मारण्यापूर्वी कोणता बॉल मोजायचा ते मार्करला सांगा. मग कार्ड जमा करण्याआधी सगळी हकिगत कमिटीला कळवा. दोन्ही बॉलचा स्कोअर सारखाच आला तरी कळवायचंच, नाहीतर थेट बाद.