रॅगिंगची तक्रार करायची कोणी? थोडा मागचा इतिहास

ॲडमिशनचा सीझन आला की इंदूरच्या मराठी घरांत रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत एक प्रश्न ठरलेला असतो, हॉस्टेलला रॅगिंग तर नाही ना? आणि त्यावर कोणीतरी काका हमखास म्हणणार की अरे थोडंफार चालायचंच, आम्ही पण झेललंय, त्यानेच माणूस घडतो. काकांना उलट कोण बोलणार! पण ही "आमच्या वेळची" परंपरा काकांच्या वेळची अजिबात नाहीये, त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिच्याविरुद्धचे नियमही जवळजवळ तितकेच जुने आहेत.

इ.स.च्या चौथ्या शतकात अथेन्सला शिकायला येणाऱ्या नव्या पोरांना जुने विद्यार्थी आधी प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचे, मग मिरवणूक काढून आरडाओरडा करत हमामखान्यापर्यंत न्यायचे, दारापाशी मुद्दाम घाबरवायचे आणि मग आत घ्यायचे. तिथे शिकलेल्या ग्रेगरी नावाच्या बिशपने हे लिहून ठेवलंय, आणि त्याच्या बेसिल नावाच्या मित्राला यातून सूट मिळाली तेही. म्हणजे ओळखपाळख असेल तर सुटका, हे तेव्हाही होतंच. पुढे इ.स. ५३३ मधे रोमन सम्राट जस्टिनियनने कायद्याचं शिक्षण नव्याने लावून दिलं तेव्हा नव्या विद्यार्थ्यांशी असले घाणेरडे खेळ खेळायला सरळ बंदी घातली. मला यातली इंटरेस्टिंग गोष्ट वेगळीच वाटते, बैरूतच्या लॉ स्कूलमधे ही बंदी पाळली जातेय का हे बघायची जबाबदारी त्याने प्रांताचा गव्हर्नर, तिथला बिशप आणि शिकवणारे प्रोफेसर यांच्यावर टाकली होती. नव्या पोराने उठून तक्रार करावी आणि मग बघू, असं नाही.

हे शहाणपण पुढे बरीच शतकं गायबच झालं म्हणा ना. मध्ययुगात युरोपच्या युनिव्हर्सिट्यांमधे, विशेषतः जर्मन भागात, नवा विद्यार्थी म्हणजे जनावर असं समजून त्याला शिंगांची टोपी घालायचे, मग ती शिंगं करवतीने कापायचा तमाशा व्हायचा आणि वर पार्टीचा खर्चही त्याच्याच खिशातून. इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांमधे लहान पोरांनी मोठ्यांचे बूट पुसायचे, चहा-टोस्ट करून द्यायचा, ही तर रीतसर पद्धतच होती, मास्तर लोकांना सगळं माहीत. आपल्याकडे हे लोण इंग्रजांच्या काळात त्या धर्तीच्या शाळा-कॉलेजांमधून आणि लष्करी वातावरणातून आलं असं साधारण मानतात, आणि स्वातंत्र्यानंतर मेडिकल-इंजिनीअरिंगची हॉस्टेलं वाढली तसं ते तिथे पक्कं बसलं.

आपल्या एमपीतल्या कॉलेजांमधून गेलेल्या कोणालाही "थर्ड बटन" म्हणा, लगेच कळेल. ज्युनिअरने सीनिअरसमोर मान खाली घालून नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटनावर ठेवायची, वर बघितलं की संपलं. दिसेल त्या सीनिअरला कमरेत वाकून "विश" करायचं, केस बारीक, फुल शर्ट, आणि रात्री रूमवर बोलावून "इंट्रो". इंट्रोत नाव-गाव शुद्ध हिंदीत, एक इंग्रजी शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून. घरी मराठी बोलणाऱ्या पोराची तर आणखीनच मजा घेतली जाते, "चल, मराठी में गाली सुना". ऐकायला गंमत वाटते, पण हेच रात्री दोन वाजता रोज चाललं आणि दार बाहेरून बंद असलं की गंमत राहत नाही. आणि हा प्रकार संपत का नाही याचं कारणही त्यातच आहे, फ्रेशर पार्टी झाली की तोच सीनिअर नोट्स देतो, जर्नल देतो, प्लेसमेंटला मदत करतो, मग तक्रार करून त्या गोतावळ्यातून बाहेर कोण पडणार?

कायदा आला तो मात्र पोरं मेल्यावरच. तमिळनाडूत १९९६ मधे एका मेडिकल विद्यार्थ्याचा सीनिअरने खून केला आणि १९९७ मधे तिथे रॅगिंगविरोधी कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, त्यामुळे आपली पोरं पुण्याला शिकायला गेली की या कायद्याखाली येतात, इंदुरात मात्र तो लागू नाही. सुप्रीम कोर्टाने २००१ मधे देशभरासाठी सूचना दिल्या, मग सीबीआयचे माजी डायरेक्टर आर. के. राघवन यांची कमिटी बसली, २००७ मधे रिपोर्ट आला, कोर्टाने तो लागू करायला सांगितला, आणि तरी मार्च २००९ मधे हिमाचलच्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा १९ वर्षांचा मुलगा सीनिअर्सच्या मारहाणीत गेला. त्यानंतर त्याच वर्षी जूनमधे यूजीसीचे (म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम निघाले आणि २४ तासांची हेल्पलाइन पण, १८००-१८०-५५२२.

आज ॲडमिशनला मुलाचं आणि आई-बाबांचं जे वेगवेगळं ॲफिडेव्हिट भरून घेतात ना, कॅफेवाल्याकडे बसून आपण न वाचता सबमिट करतो, ते या नियमांतून आलंय. प्रकार गुन्ह्यात बसत असला तर कॉलेजच्या प्रमुखाने २४ तासांत एफआयआर करायचा, आणि नेमकं कोणी केलं हे सापडलं नाही तर सगळ्या ग्रुपला शिक्षा देता येते. दीड हजार वर्षांनी जबाबदारी पुन्हा वरच्यांवर आली एकदाची!

कागदावर आली, बरं का. प्रत्यक्षात काय होतं ते आपण २०२२ मधे इथेच इंदुरात बघितलं, एमजीएम मेडिकल कॉलेजच्या केसमधे. फर्स्ट इयरच्या पोरांनी यूजीसीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, अश्लील चाळे करायला लावतात वगैरे, पण कोणी स्वतःचं नाव दिलं नाही आणि सीनिअर्सचीही नावं नाहीत. संयोगितागंज ठाण्यात अज्ञात लोकांवर एफआयआर झाला आणि गाडी अडकली कारण बोलायला एकही तयार नाही. मग पोलिसांनी काय करावं, एक तरुण महिला कॉन्स्टेबल स्टुडंट बनवून पाठवली, ती बॅग लावून रोज कॅम्पसमधे, कॅन्टीनमधे बसायची, गप्पा मारायची, आणि काही महिन्यांत ११ सीनिअर्स ओळखून काढले, ते तीन महिन्यांसाठी सस्पेंड झाले. पेपरवाल्यांनी ही स्टोरी सिनेमासारखी रंगवली आणि तिचं कौतुक व्हायलाच हवं, पण कॉलेजच्या आतल्या अँटी-रॅगिंग कमिटीला जे कळायला हवं होतं त्यासाठी बाहेरून पोलीस आत घुसवावा लागला, हे कोणी फारसं बोललं नाही.

नियम त्यानंतरही वाढतच गेलेत. जात, धर्म, रंग, भाषा, लिंग यांवरून छळ हे पण रॅगिंगच, हे २०१६ च्या दुरुस्तीत आधीच आलं होतं. नोव्हेंबर २०२४ मधे शेजारच्या गुजरातेत पाटणजवळच्या मेडिकल कॉलेजात फर्स्ट इयरच्या मुलाला इंट्रोसाठी तासन्‌तास उभं ठेवलं आणि तो कोसळून गेला, १५ सीनिअर्सवर गुन्हा दाखल झाला. आणि २०२५ मधे यूजीसीने सांगितलं की सीनिअर्स व्हॉट्सॲप ग्रुप काढून ज्युनिअर्सना त्रास देत असतील तर तेही रॅगिंग धरायचं, कारण इंट्रो आता रूमऐवजी रात्री मोबाइलवर होतो. यात एक बरं आहे, चॅटचा स्क्रीनशॉट काढता येतो, आणि हेल्पलाइनवर तो नाव न सांगताही पाठवता येतो.