अंधारातली टक्कर: मांडवीच्या पाण्यावरचे दिवे, वेग आणि नियम

रात्री दोन बोटी आदळून माणसे गेली की पहिल्या बातमीत कारण ठरलेले असते: अंधार. चौकशी पुढे सरकली की वेगळेच काही हाती लागते. दिवा होता पण छताच्या खांबाआड होता, सुकाणावरचा माणूस प्रवाशांशी बोलत होता, किंवा बोट अशा वेगाने चालली होती की समोरचे दिसले तरी उपयोग नव्हता. गोव्यातल्या मांडवी नदीवर रात्री अशी टक्कर कशी घडू शकते हे समजून घ्यायचे तर सुरुवात वेगाच्या हिशेबापासून करावी लागते.

२५ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) जाणारी स्पीडबोट सेकंदाला जवळपास १३ मीटर पाणी कापते. समोरून ८ नॉटने दुसरी बोट येत असेल तर दोघींमधले अंतर सेकंदाला १७ मीटरने कमी होते. समोरच्या बोटीचा मिणमिणता दिवा २०० मीटरवर दिसला, तर हाताशी १२ सेकंद उरतात. तो किनाऱ्यावरचा दिवा आहे की बोटीवरचा हे ओळखण्यात तीन-चार सेकंद जातात, कुठे वळायचे हे ठरवण्यात दोन. उरलेल्या वेळात बोट खरोखर वळायला हवी. तीच बोट ६ नॉटने जात असती तर हा वेळ दुपटीहून जास्त, जवळपास २८ सेकंद मिळाला असता.

दिव्यांचे नियम वाफेच्या बोटींमुळे आले. शिडाची जहाजे वाऱ्याच्या मर्जीने चालत, त्यामुळे ती कुठे जाऊ शकतात याचा अंदाज बांधता येई. आगबोट कुठूनही कुठेही वळू शकत होती. दीपगृहे आणि नौकानयनाची व्यवस्था पाहणाऱ्या लंडनच्या ट्रिनिटी हाउस या संस्थेने १८४० मध्ये अरुंद पात्रात आगबोटींनी एकमेकींना आपल्या डाव्या हाताला ठेवून ओलांडावे असा नियम केला. १८४८ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने आगबोटींसाठी डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा ठरवला. १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने समान नियम स्वीकारले, १८८९ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत त्यांना आंतरराष्ट्रीय रूप आले. आज जगभर चालतात ते १९७२ चे टक्कर-प्रतिबंधक नियम. ते १५ जुलै १९७७ पासून लागू आहेत. समुद्राला जोडलेल्या आणि सागरी जहाजे जाऊ शकतील अशा पाण्यालाही ते लागू होतात, म्हणजे गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी नद्यांची मुखे त्यातून सुटत नाहीत. स्थानिक प्रशासन वेगळे नियम करू शकते, मात्र ते या नियमांच्या शक्य तितके जवळचे असावेत अशी अट आहे.

लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसतो, म्हणजे थेट समोरून बाजूच्या किंचित मागेपर्यंत. मागचा पांढरा दिवा १३५ अंश, डोलकाठीचा २२५. या कोनांमुळे रंग पाहून बोटीचे तोंड कुठे आहे ते कळते. उजव्या हाताला लाल दिवा दिसला, तर ती बोट तुमच्या पुढून आडवी जात आहे आणि बाजूला व्हायची जबाबदारी तुमची. डाव्या हाताला हिरवा दिसला तर तुम्ही आपला मार्ग व वेग कायम ठेवायचा आणि तिने वाट द्यायची. ती देत नाही असे स्पष्ट झाले तर मात्र हक्क बाजूला ठेवून टक्कर टाळणे तुमच्याही अंगावर येते. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले म्हणजे समोरासमोर गाठ, तेव्हा दोघांनी उजवीकडे वळायचे. नुसता पांढरा दिवा हा सगळ्यात फसवा. तो पुढे चाललेल्या बोटीचा मागचा दिवा असेल, नांगरलेल्या बोटीचा असेल, किंवा गळ टाकून बसलेल्या होडीतली टॉर्च असेल.

१२ मीटरपेक्षा लहान यांत्रिक बोटीला एक चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा आणि बाजूचे दोन दिवे पुरतात. पांढरा दिवा २ सागरी मैलांवरून, बाजूचे १ मैलावरून दिसायला हवेत आणि पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान १ मीटर उंच असावा. व्यवहारात इथेच घसरण होते. सहलीच्या बोटींवर छत चढवले जाते आणि दिवा छताखालीच राहतो, मग अर्ध्या दिशांना तो दिसतच नाही. उरलेल्या दिशेला तोच प्रकाश सुकाणावरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. खाऱ्या हवेत होल्डरच्या पितळेवर हिरवा थर चढतो, तारा पातळ असतात, बॅटरी उतरलेली असते. साध्या बल्बला मिळणारा विद्युतदाब १० टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. धक्क्यावर उभे राहून पाहिले तर दिवा चालू असतो, पण तो किती अंतरावरून दिसतो हे निघण्यापूर्वी कोणी दुसऱ्या काठावरून पाहत नाही.

वल्हवायच्या होडीला बाजूचे दिवे सक्तीचे नाहीत. टॉर्च किंवा कंदील हाताशी ठेवायचा आणि टक्कर टाळता येईल इतका आधी दाखवायचा, एवढीच अपेक्षा. नियम लिहिले गेले तेव्हा ते पुरेसे होते, कारण समोरून येणाऱ्याचा वेग कमी होता. रात्री पाण्यात जाळे किंवा गळ टाकणाऱ्या मच्छीमाराच्या दृष्टीने आजची ही तरतूद अपुरी आहे. काठीवर उंच लावलेला, बॅटरीवर चालणारा चहूबाजूंचा पांढरा दिवा फार महाग पडत नाही आणि हात जाळ्यात गुंतलेले असतानाही तो जळत राहतो.

मांडवीची रात्र गेल्या काही दशकांत पार बदलली. पूर्वी अंधार पडल्यावर पाण्यावर असत त्या फेरीबोटी, बार्ज (सपाट तळाची मालवाहू जहाजे) आणि मच्छीमारांच्या होड्या. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि पणजी-बेती दरम्यानची वाहतूक फेरीबोटींवर आली. नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला. तेव्हाचे सारंग (बोटीचे मुख्य चालक) आणि खलाशी नदी ओळखून होते आणि त्यांच्या बोटी संथ होत्या. खनिज वाहणारे बार्ज कुंभारजुवे कालवा, मांडवी आणि झुआरीतून मुरगावकडे जात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर त्यांची वर्दळ रोडावली. मात्र जिथे बार्ज चालतो तिथे लहान बोटवाल्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्याचे चालककक्ष मागे असते, पुढचा मोठा पट्टा त्याला दिसत नाही आणि भरलेला बार्ज इंजिन उलटे फिरवूनही शेकडो मीटर पुढे सरकत राहतो. त्याच्या पुढून आडवे जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता त्याच पात्रात कॅसिनो जहाजे नांगरलेली असतात, त्यांच्याकडे माणसे नेणाऱ्या फीडर बोटी रात्री उशिरापर्यंत फेऱ्या मारतात, संध्याकाळी संगीत लावून क्रूझ बोटी फिरतात. रोषणाईने झगमगणारे पाणी पाहून पर्यटकाला सुरक्षित वाटते, तर सुकाणावरच्या माणसाचे काम त्यानेच अवघड होते. आंतरराष्ट्रीय नियमांतला सहावा नियम सुरक्षित वेग ठरवताना विचारात घ्यायच्या गोष्टींत किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या पार्श्वभूमीचा आणि स्वतःच्या दिव्यांच्या परावर्तनाचा स्पष्ट उल्लेख करतो. विसावा नियम आणखी पुढे जातो: ठरलेल्या दिव्यांशी गोंधळ होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असा कोणताही जादा दिवा लावायचा नाही. निळ्या-हिरव्या एलईडी पट्ट्या लावलेली बोट हा नियम रोज मोडते. प्रखर एलईडी लावून मासेमारी करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली ती माशांच्या साठ्याच्या कारणाने, पण अशा दिव्यांच्या झगमगाटात शेजारच्या होडीचा दिवा बुडून जातो हा तोटाही कमी नाही.

यात एक बारकावा फार थोड्या लोकांना सांगितला जातो. तुमच्यावर आदळणार असलेल्या बोटीचा दिवा हलताना दिसत नाही. तिची दिशा तुमच्या तुलनेत बदलत नसते म्हणूनच ती आदळणार असते. जो दिवा आपल्या बोटीच्या कठड्याच्या खांबापासून पुढे किंवा मागे सरकतो, ती बोट बहुधा पुढून किंवा मागून निघून जाईल. जो जागेवरच राहून मोठा होतो, तो धोक्याचा. आणि जागेवर स्थिर राहणारे दिवे म्हटले की मांडवीत शेकडो: हॉटेले, पुलाचे खांब, रस्त्याचे दिवे, नांगरलेली जहाजे. धोक्याचा दिवा नेमका त्या गर्दीत लपतो. म्हणून डोके डावी-उजवीकडे हलवत, एकेक दिवा खांबाशी जुळवून पाहत राहणे हे टेहळणीचे खरे काम आहे. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की त्यातले बरेच पुसले जाते.

वेग वाढवताना आणखी एक आंधळा टप्पा येतो. आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाची बोट थ्रॉटल दिल्यावर आधी मागे बसते, नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक वर उठते, मग पाण्यावर सपाट धावू लागते. समजा चालकाचे डोळे पाण्यापासून १.८ मीटर उंच आहेत आणि ४ मीटर पुढे नाळेची कड १.४ मीटरवर आहे. बोट सपाट असताना नाळेमुळे पुढचे सुमारे १८ मीटर पाणी झाकले जाते. नाळ फक्त ५ अंश उठली की ढोबळ हिशेबाने हेच अंतर १४० मीटरच्या पुढे जाते. प्रवासी मागे दाटीने बसवले, तर बोट सपाट व्हायलाच वेळ लागतो आणि ती बराच काळ याच अवस्थेत धावते. उपाय साधा: वजन पुढे सरकवा, उभे राहून चालवा, आणि रात्री या मधल्या वेगात राहूच नका. पात्रात सपाट धावण्याचा वेगही रात्रीसाठी नाही, त्यामुळे उरतो तो संथ वेग.

जगातल्या मोठ्या रात्रीच्या टकरींच्या चौकशांत हेच दुवे सापडतात. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे थेम्स नदीत ‘मार्शनेस’ या मेजवानीच्या बोटीला ‘बोबेल’ या वाळू उपसणाऱ्या जहाजाने मागून धडक दिली आणि ५१ जण बुडाले. दोन्ही बोटींवर नीट टेहळणी नव्हती, दोन्हींच्या चालककक्षांतून दृष्टी अडत होती आणि दोन्ही पात्राच्या मध्यातून जात होत्या. १ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री हाँगकाँगमध्ये ‘लामा ४’ ही बोट फेरीशी आदळली, ३९ मृत्यू झाले. तिच्या आतल्या भिंतीत जलरोधक दरवाजाच नव्हता, त्यामुळे पाणी काही मिनिटांतच पसरले. १९ जून २०२१ ला इटलीतल्या गार्डा सरोवरात वेगवान मोटरबोट एका लहान लाकडी बोटीवर चढली आणि त्या बोटीतले दोघे गेले. रात्रीच्या वेगमर्यादेच्या कितीतरी पट वेगाने मोटरबोट जात होती. बुटकी बोट आणि उठलेली नाळ एकत्र आली की धडक बाजूला लागत नाही, वेगवान बोट थेट माणसांवर चढते. अशा टकरीत लाइफ जॅकेट असूनही माणूस वाचतोच असे नाही.

आपल्या देशातही अनुभव कमी नाहीत. केरळातल्या तानूरला ७ मे २०२३ च्या संध्याकाळी अंधार पडल्यावर सहलीची बोट उलटली, २२ जण दगावले. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, १५ मृत्यू झाले, आणि तेही दिवसाढवळ्या. गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर २१ नोव्हेंबर २०२४ ला ‘मार्थोमा’ या मासेमारी बोटीची नौदलाच्या पाणबुडीशी टक्कर झाली. १३ पैकी ११ मच्छीमार वाचले. कळंगुटजवळ २५ डिसेंबर २०२४ ला सहलीची बोट उलटून एकाचा बळी गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये काँगोतल्या गोमाजवळच्या बोट दुर्घटनेचा व्हिडिओ गोव्याचा म्हणून फिरला होता. पोलिसांना खुलासा करावा लागला, पण खऱ्या घटनांवर तेवढी चर्चा झाली नाही.

कायद्याची चौकट आहे. १९१७ च्या जुन्या अंतर्गत जलयान कायद्याच्या जागी २०२१ चा कायदा आला. २०१६ च्या कायद्याने मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवे कालवा हे अनुक्रमे ६८, १११ आणि २७ क्रमांकाचे राष्ट्रीय जलमार्ग ठरले. गोव्यात नोंदणी, तपासणी आणि परवान्याचे काम बंदर कप्तान खात्याकडे आहे. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २८२ खाली बेदरकार नौकानयनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि असुरक्षित किंवा जादा भाराच्या बोटीतून भाड्याने माणसे नेण्याला कलम २८४ आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती. बेदरकारपणाची शिक्षा मात्र आजही सहा महिनेच. कोणी मेले नाही तोवर बेफाम बोट चालवणे स्वस्तच पडते.

जॅकेटबद्दल अमेरिकी तटरक्षक दलाचे २०२३ चे आकडे बोलके आहेत: बुडालेल्यांपैकी ज्यांची माहिती होती त्यांतल्या ८७ टक्क्यांनी ते घातले नव्हते. बाकाखाली गठ्ठा करून ठेवलेले जॅकेट धडकेनंतर कोणी शोधू शकत नाही. रात्रीच्या फेरीत ते अंगावर, पट्टे आवळून, शिट्टी आणि लहान दिव्यासह हवे. चालकाच्या मनगटाला किंवा कमरेला किल-स्विचची दोरी हवी. तो फेकला गेला तर इंजिन बंद पडते, नाहीतर रिकामी बोट गोल फिरत पाण्यातल्या माणसांवर परत येते.

टक्कर झालीच तर इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून आधी पाण्यात कोण आहे ते पाहायचे आणि डोकी मोजायची. आपली नाळ दुसऱ्या बोटीत घुसली असेल तर घाईने मागे ओढायची नाही, भोक मोकळे होऊन पाणी जोरात शिरते. आधी तिथल्या लोकांना आपल्या बोटीत घ्यायचे. व्हीएचएफ रेडिओच्या १६ व्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या फोन क्रमांकावर जागा, माणसांची संख्या आणि जखमी सांगायचे. पुढच्या चौकशीसाठी दिव्यांचे स्विच जसे होते तसेच ठेवायचे. जुन्या बल्बमध्ये धडकेच्या क्षणी जळत असलेली तार ताणली जाते, त्यावरून दिवा चालू होता की बंद हे तज्ज्ञांना कळते. एलईडीत अशी खूण राहत नाही. तिथे जीपीएसची नोंद आणि स्विचची स्थिती हाच पुरावा उरतो.