ऑइल प्रेशर सेन्सरच्या बिघाडाचे निदान

मोटारीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचे लाल चिन्ह लागले, की इंजिन ऑइलचा दाब खरोखर पडला आहे की दाब मोजणारा सेन्सरच खोटे बोलतो आहे, हे ठरवण्याची तपासणी. मुंबईच्या गॅरेजांत या चिन्हाला ‘ऑइलची बत्ती’ म्हणतात.

साध्या गाड्यांत इंजिनाच्या ब्लॉकवर, बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास, एका तारेचा स्विच असतो. त्याच्या आत पातळ पडदा, स्प्रिंग आणि संपर्कबिंदू असतात. इंजिन बंद असताना संपर्क जुळलेला असतो, म्हणून चावी फिरवताच बत्ती लागते. इंजिन सुरू होऊन दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या वर गेला की पडदा संपर्क तोडतो आणि बत्ती विझते. दाब उत्तम आहे असे ही बत्ती कधीच सांगत नाही. तो जवळपास संपला, एवढेच सांगते. नव्या गाड्यांतील तीन तारांचा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि दाबानुसार साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टचा संकेत इंजिनाच्या संगणकाला देतो.

बत्ती लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे हा पहिला भाग. दाब खरोखर गेला असेल तर बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. मग सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहावी. पातळी कमी असेल तर गळती शोधावी; खड्ड्यात किंवा उंच गतिरोधकावर आपटून इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटलेला असू शकतो. पातळी वाढलेली दिसली तर तेही वाईटच. बीएस ६ डिझेल गाड्यांचा काजळी गाळणारा फिल्टर रांगत्या वाहतुकीत पुरता साफ होत नाही, त्यासाठी मारलेले जास्तीचे डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते.

मुंबईत या निदानाला एक वेगळाच घोळ चिकटतो. वांद्रे ते बोरिवली अंतर जेमतेम वीस किलोमीटर, पण संध्याकाळी त्याला दीड तास लागू शकतो. मीटरवर किलोमीटर थोडे पडतात, इंजिन मात्र तासन्‌तास स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, तापत राहते. किलोमीटर मोजून ऑइल बदलणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. गरम, शिळ्या ऑइलचा दाब सिग्नलला उभे असताना सर्वांत कमी असतो. म्हणून तिथे लुकलुकणारी आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझणारी बत्ती आधी ऑइल, पंप किंवा बेअरिंगवर संशय घ्यायला लावते. इंजिन आवाज करत नाही, तरी बत्ती कोणत्याही वेगाला जळतच राहते किंवा गाडी हादरली की (असल्यास) दाबाचा काटा उडी मारतो, तेव्हा सेन्सर आणि वायरिंगकडे वळावे.

सेन्सरवरचा तारांचा कपलर काढून आत पाहिले की पुष्कळ उलगडते. बोटाला काळे ऑइल लागले, तर सेन्सरचा पडदा फुटून ऑइल मागून झिरपते आहे. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल, तर ती पावसाळ्याची आणि खाऱ्या हवेची करणी. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हे आधी तपासावे. एका तारेच्या स्विचची तार काढून चावी ‘ऑन’ करावी. बत्ती विझली तर तार ठीक, आता स्विच किंवा दाब यांपैकी एक दोषी. तरीही जळत राहिली तर तार कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. तीन तारांच्या सेन्सरला मल्टिमीटर लावून ५ व्होल्ट आणि अर्थ (अर्थिंग) मिळतात का ते पाहावे. स्कॅनरवरचे पी०५२२ आणि पी०५२३ हे कोड सर्किटमधला कमी किंवा जास्त व्होल्टेज दाखवतात. पी०५२४ मात्र दाबच कमी असल्याचे सांगतो. तो दिसल्यावर नुसता सेन्सर बदलून गाडी परत देणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे.

निकाल लावतो तो यांत्रिक गेज. सेन्सर काढून त्याच आट्यांत गेज बसवतात आणि इंजिन पूर्ण तापवून वाचन घेतात. पुष्कळ इंजिनांत स्लोवर १ बारच्या आसपास, २,००० फेऱ्यांना २ बार किंवा अधिक दाब मिळतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतला धरावा. एवढे काम सहसा टळते, कारण कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात स्विच स्वस्तात मिळतो आणि ‘आधी तो बदलून बघू’ म्हणणे सोपे पडते.

नवा स्विच बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे चढवण्याची सवय नडते. एका तारेच्या स्विचला अर्थ आट्यांतूनच मिळतो. टेप जास्त झाली की तो तुटतो आणि बत्ती कायमची विझते. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. म्हणून काम झाल्यावर इंजिन सुरू न करता चावी फिरवावी आणि बत्ती लागते का ते पाहावे. सेकंडहँड गाडी घेतानाही हीच चाचणी करावी.