पट्टीचा रंग बदलला, पुढे काय?

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न व औषध प्रशासनाने मासळीवर चाचणीच्या पट्ट्या घासल्या. काहींचा रंग बदलला आणि फॉर्मेलिन, म्हणजे मासळी नासू नये म्हणून चोरून लावलं जाणारं रसायन, हा शब्द गोव्याच्या स्वयंपाकघरात शिरला. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला, प्रमाण म्हणे 'मर्यादेत'. लोक भडकले, सरकारने परराज्यांतल्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. तेव्हापासून या विषयावर मोबाईलवर बोलणाऱ्यांची ददात नाही. एक म्हणतो सगळी मासळी विषारी, सरकार लपवतंय. दुसरा म्हणतो हा सगळा मासळी व्यापार बुडवण्याचा कट. दोघांकडेही व्हिडिओ असतो, आकडा मात्र क्वचितच.

लोकांचा राग रास्त होता. मासळी टिकवायला फॉर्मेलिन वापरण्याची भारतात परवानगीच नाही, मग मर्यादा कसली? याचं उत्तर माशाच्या अंगात आहे. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, सुमारे ३७ टक्के. हाच फॉर्मल्डिहाइड काही समुद्री माशांत आपोआपही तयार होतो. त्यांच्या स्नायूंत ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर काही जातींमधलं एक विकर (एन्झाइम) ते फोडतं आणि त्यातून डायमिथाइल अमाइन व फॉर्मल्डिहाइड सुटतात. आपला बोंबील याबाबतीत नावाजलेला. म्हणून २०१९ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या नैसर्गिक फॉर्मल्डिहाइडसाठी दोन मर्यादा घातल्या: गोड्या पाण्यातली मासळी आणि समुद्री मासळीचा एक गट यांना किलोमागे ४ मिलिग्रॅम, समुद्री मासळीच्या दुसऱ्या गटाला १०० मिलिग्रॅम. म्हणजे 'किलोमागे ३० मिलिग्रॅम सापडलं' हे वाक्य माशाचं नाव सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. एका गटात तो आकडा संशयास्पद, दुसऱ्यात साधा.

'मर्यादेत' हा शब्द हे काही न सांगता लोकांपुढे टाकला की मध्ये पोकळी राहते आणि कटाच्या गोष्टी नेमक्या तिथे रुजतात. पोकळी खरी असते, पण तिच्यात कोणी काय भरलं याचा पुरावा निराळा मागावा लागतो.

आता पट्टीकडे जवळून पाहू. पट्टी माशाच्या अंगावर घासायची, वर रसायनाचा थेंब टाकायचा, मिनिट-दोन मिनिटांत येणारा रंग तक्त्याशी ताडायचा. ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. समजा हजार माशांपैकी दहांना खरोखर फॉर्मेलिन लावलंय. पट्टी ते दहाही पकडते, पण स्वच्छ माशांपैकी शंभरातल्या पाचांवर चुकून रंग दाखवते. ९९० चे पाच टक्के म्हणजे साधारण ५०. एकूण ६० पट्ट्या रंगल्या, त्यांतल्या खऱ्या दहाच. पट्टी वाईट नाही. दोषी मासे मुळात थोडे असले की हिशेब असाच येतो. म्हणून रंगलेला नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथल्या एका रूढ पद्धतीत अॅसिटाइल अॅसिटोन आणि अमोनियम क्षार घालून पिवळा रंग आणतात आणि ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशात तो मोजतात. ठाऊक प्रमाणाची द्रावणं आणि काहीच नसलेलं कोरं द्रावणही सोबत मोजलेलं असतं.

व्हिडिओत हे कोरं द्रावण शोधा. घासायच्या आधीची पट्टी, बर्फाच्या पाण्यात बुडवलेली पट्टी आणि माशावरची पट्टी, तिन्ही एका चौकटीत, एकाच उजेडात हवीत. मोबाईलचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच बदलतो. पिवळ्या बल्बखाली पट्टीचा रंग वेगळा, ट्यूबलाइटखाली वेगळा. शेजारी कोरा पांढरा कागद नसेल तर पडद्यावरच्या रंगावरून काहीच ठरत नाही.

माशी बसत नाही म्हणजे फॉर्मेलिन, हे तर सोडूनच द्या. बर्फात गार पडलेल्या बांगड्यावरही माश्या कमीच बसतात. मासा ताठ आहे, हाही पुरावा नव्हे: फॉर्मेलिनने प्रथिनं आवळून मासा कडक होतो हे खरं, पण मेल्यानंतर काही तास कुठलाही मासा ताठच असतो.

मासेमारीबंदीत मासळी आलीच कुठून, नक्कीच जुनी आणि रसायनात मुरवलेली, हा दावा मात्र तपासण्याजोगा आहे, कारण तो तारखांवर उभा आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची बंदी १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. जुलैत आंध्र, तमिळनाडूच्या होड्या समुद्रात असतात आणि त्यांची मासळी ट्रकने इकडे येते. माशाइतकाच बर्फ घातला तर एक-दोन दिवसांच्या प्रवासाला रसायन लागत नाही. बर्फात काटकसर झाली की मोह होतो, म्हणून ट्रकमध्ये बर्फ किती उरलाय हे पाहणं कामाचं.

बोलणारा माणूस सरकारविरोधी की सरकारधार्जिणा यावर वेळ घालवू नये. त्याला पाच गोष्टी विचाराव्यात: मासा कुठला, नमुने किती, घेतले कधी, पद्धत कोणती, आकडा काय. शिवाय जुना व्हिडिओ चुकला होता तेव्हा त्याने तसं सांगितलं का, हे त्याच्या पानावर मागे जाऊन बघावं. 'अहवाल नाही म्हणजेच दाबला' असं उत्तर आलं तर थांबावं, कारण मग अहवाल आला तरी तो खोटाच ठरणार असतो.

स्वतःच्याच पिशवीतल्या इसवणाची, म्हणजे सुरमईची, शंका असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं कलम ४० ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ देतं. नमुन्यात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. अट एकच, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं: आपण हा मासा तपासायला देणार आहोत, हे विकणारीला घेतानाच सांगावं लागतं.