वकिलाचा कारकून (मुंबई)

वकिलाच्या वतीने प्रकरणे दाखल करणे, हरकती (कोर्टाच्या कार्यालयाने दाखवलेल्या त्रुटी) दूर करणे, बोर्ड (सुनावणीला लागलेल्या प्रकरणांची यादी) पाहणे आणि नकला मिळवणे ही कामे करणारा सहायक. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला (जिथे प्रकरणे थेट उच्च न्यायालयातच सुरू होतात) सॉलिसिटर म्हणजे प्रकरण तयार करणारे अ‍ॅटर्नी आणि कौन्सेल म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणारे वकील अशी जुनी विभागणी होती. 1976च्या कायदादुरुस्तीने अ‍ॅटर्नी हा वेगळा वर्ग संपला, पण कामाची वाटणी टिकली. म्हणून सॉलिसिटर फर्मचा कारकून फायलिंग म्हणजे प्रकरणे दाखल करणे सांभाळतो. कौन्सेलचा कारकून ब्रीफ (प्रकरणाच्या कागदांचा संच), कॉन्फरन्सच्या वेळा आणि फीचे मेमो पाहतो.

नवा मुलगा सहसा बॅगा आणि पुस्तके उचलण्यापासून सुरुवात करतो. कुठले काम कुठल्या टेबलावर होते हे कळले की फायलिंग हाती येते. याचिकेला आधी लॉजिंग नंबर (दाखल करतानाचा तात्पुरता क्रमांक) पडतो, मग छाननी होते. पानांचे क्रमांक इंडेक्सशी न जुळणे, पुसट एक्झिबिटची (जोडलेल्या दस्तऐवजाची) टाइप केलेली प्रत नसणे, अ‍ॅफिडेव्हिटवर सही राहणे, वकालतनाम्याला (वकिलाला अधिकार देणाऱ्या पत्राला) वेल्फेअर स्टॅम्प नसणे या नेहमीच्या हरकती. ओरिजिनल साइडला या हरकती ठरलेल्या मुदतीत दूर केल्या नाहीत, तर तिथल्या नियमांतील नियम 986खाली प्रकरण नाकारले जाते आणि पुन्हा उभे करायला वेगळा अर्ज करावा लागतो.

कारकुनाची खरी पारख मुदतीच्या हिशेबात होते. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. मुदत अधिनियम, 1963च्या कलम 12नुसार नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ वगळतात. पण नक्कल तयार झाल्यावर ती न उचलता गेलेले दिवस पक्षकाराच्या माथी पडतात. अर्ज 10 जूनला, नक्कल तयार 30 जूनला आणि ताब्यात 15 जुलैला असेल, तर जुलैचे दिवस मोजलेच जातात. त्यामुळे निकाल लागताच नकलेचा अर्ज टाकावा, आणि नक्कल हाती येताच तिच्यावरील तारखांचा शेरा डायरीत उतरवावा. शेवटचा दिवस सुटीत आला, तर कोर्ट उघडेल त्याच दिवशी फायलिंग झाले पाहिजे. दुसऱ्या दिवशी विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. कॅव्हेटही (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये म्हणून आधीच दाखल केलेली सूचना) 90 दिवसांनी संपते.

संध्याकाळी उद्याचे बोर्ड पाहायचे, आणि नंतर लागणारे सप्लिमेंटरी म्हणजे पुरवणी बोर्डसुद्धा.

नोकरी बहुधा खासगी, पेन्शनशिवाय. म्हणून कारकुनांच्या संघटनांचे काम मोलाचे. वेल्फेअर स्टॅम्पचा पैसा वकिलांच्या कल्याण निधीत जातो, कारकुनांच्या नाही. केरळने वकिलांच्या कारकुनांसाठी 2003मध्ये स्वतंत्र कल्याण निधी कायदा केला.